शिडाच्या फळीची परीक्षा

श्रोतेहो, माझी सारी हयात शाळामास्तरकींत गेली. तीस-बत्तीस वर्षें मुलांना शिकविलें आणि दर सहामाहीस त्यांची परीक्षा घेतली. परीक्षक म्हटला कीं त्याच्या हातीं तराजू येतो, आणि त्याचें पारडें कोणीकडे झुकतें यावर एखाद्या मुलाचें सारें वर्ष अवलंबून असतें. सेवानिवृत्त होऊन मीं हा तराजू खालीं ठेवला होता. परंतु दोन वर्षांपूर्वीं ऑगस्ट महिन्यांत मॉरिशस बेटावर, चार मित्रांच्या संगतींत, तो मला पुन्हां उचलावा लागला. या वेळीं परीक्षेला मुलें नव्हतीं. सहा फळ्या होत्या. जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेला माणूस म्हातारपणीं फळीपुढें बसला असें कोणी विनोदानें म्हणेल. पण परीक्षा कशी घ्यावी आणि कोणाच्या साक्षीवर निकाल द्यावा, हा प्रश्न त्या आठ दिवसांत जितका उघडा होऊन माझ्यापुढें आला तितका शाळेंतही क्वचितच आला असेल. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

या खेळाला जगभर विंडसर्फिंग म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो पाहिला नसेल, म्हणून प्रथम त्याचें साधन समजून घेऊं. सुमारें अडीच मीटर लांब आणि दोन-अडीच फूट रुंद अशी एक फळी असते. आंत फेंसासारखा हलका भरीव गाभा आणि बाहेर कांचतंतूंचें किंवा कर्बतंतूंचें टणक कवच. तिच्या मध्याजवळ एक डोलकाठी व तिला शीड. इतकें ऐकून आपल्या डोळ्यांपुढें होडी उभी राहील. परंतु होडीची डोलकाठी जागच्या जागीं घट्ट रोवलेली असते, आणि या फळीची डोलकाठी सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यावर बसविलेली असते. माणसानें हात सोडला कीं शीड पाण्यांत आडवें पडतें. त्याला उभें धरणारा दोर किंवा ताण कोणताच नाहीं. उभा राहणारा माणूस हाच त्याचा ताण. शिडाला दोन्ही अंगांनीं वेढणारा एक वांकडा दांडा असतो, तो धरून तो वाऱ्याच्या विरुद्ध अंगानें आपलें शरीर झोकून देतो.

सुकाणूं तर मुळींच नाहीं. बुडाला मागच्या टोकाशीं माशाच्या पंखासारखें एक पातें असतें, पण तें वळत नाहीं; फळी आडवी घसरूं नये एवढेंच त्याचें काम. वळावयाचें तें शिडानें. शीड पुढें कलविलें कीं वाऱ्याचा जोर फळीच्या पुढच्या भागावर येतो आणि तिचें तोंड वाऱ्यापासून दूर फिरतें. मागें कलविलें कीं तोंड वाऱ्याकडे येतें. सारांश, नाव, नावाडी, सुकाणूं आणि दोरखंड या चारांचें काम एकाच देहाला करावें लागतें. म्हणूनच या खेळांत पडणें फार.

याचा शोध कोणी लावला याचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील न्यूमन डार्बी यांनीं १९६४ सालीं अशी शिडाची फळी बनविली आणि पुढच्या वर्षीं एका मासिकांत तिची माहिती छापली. त्यानंतर कॅलिफोर्नियांतील जिम ड्रेक व हॉईल श्वाइट्झर या दोघांनीं १९६८ सालीं स्वामित्वहक्कासाठीं अर्ज केला व तो त्यांना १९७० सालीं मिळाला. परंतु इंग्लंडमध्यें या हक्काविषयीं खटला चालला तेव्हां एक निराळीच साक्ष पुढें आली. १९५८ सालीं हेलिंग बेटाजवळ पीटर चिल्व्हर्स नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें आपल्या हातानें अशीच एक फळी केली होती आणि तिच्यावर तो पाण्यांत खेळत असे. १९८५ सालीं तेथील अपील न्यायालयानें ही गोष्ट महत्त्वाची मानली आणि त्या देशापुरता तो हक्क रद्द ठरविला. एवढ्या मोठ्या जाणत्यांच्या भांडणांत एका पोराच्या खेळण्याची साक्ष मोलाची ठरली, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे. ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ पुरुषांसाठीं १९८४ सालीं आणि स्त्रियांसाठीं १९९२ सालीं आला.

आतां आमची मंडळी. एक माझे बाळमित्र, पेशानें अभियंता, वयानें साठीच्या घरांत, पण फळीवर उभे राहिले कीं तिशीचे वाटावे असे. दुसरे एक मित्र व त्यांची पत्नी. त्यांना मी वहिनी म्हणतों. वहिनींना या खेळाची ओळख होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. चौथा माझा एक जुना विद्यार्थी. पांचवा मी, मी पाण्यांत उतरत नाहीं, पण मला वही लिहितां येते आणि घड्याळ पाहतां येतें. आमच्या तालुक्यांतील एका धरणाच्या तलावावर ही मंडळी सुटीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतील मुलांना हा खेळ शिकवितात. जुन्या फळ्या फुटून निकामी झाल्या होत्या. वर्गणी जमवून चार नव्या फळ्या घेण्याइतके पैसे झाले होते. कोणत्या घ्याव्या हें ठरविण्यासाठींच हा प्रवास. प्रत्येकानें आपापल्या खर्चानें केला, वर्गणीला हात लावला नाहीं.

मॉरिशसच कां, असें कोणी विचारील. जून ते सप्टेंबर आपल्या कोंकण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. त्याच महिन्यांत मॉरिशसमध्यें हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून व्यापारी वारे नेमानें वाहतात. यांतील मौज अशी कीं हे दोन वारे निराळे नव्हेत. हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत या दिवसांत हवेच्या उच्च दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश तयार होतो. मॉरिशस ज्या बेटांच्या समूहांत आहे त्या मस्कारेन बेटांवरूनच त्याला नांव पडलें आहे. तेथून वारा विषुववृत्ताकडे निघतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळें दक्षिण गोलार्धांत तो डावीकडे वळतो, म्हणून मॉरिशसला तो आग्नेयेकडून येतो. विषुववृत्त ओलांडल्यावर तो उजवीकडे वळूं लागतो आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा होऊन आपल्या सह्याद्रीवर आदळतो. आपल्या कौलांवर जो पाऊस वाजतो त्याच्या वाऱ्याचें माहेर तिकडे आहे म्हणाना! आम्ही मुंबईहून निघालों तेव्हां पाऊस कोसळत होता. सुमारें सहा तासांनीं उतरलों तों तोच वारा कोरड्या अंगानें उसाच्या शेतांवरून सळसळत होता.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ले मॉर्न ब्राबां नांवाचा एक उभ्या कड्यांचा डोंगर आहे. उंची ५५६ मीटर. त्याच्या पायथ्याशीं आम्ही उतरलों. या डोंगराविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. गुलामगिरीच्या काळांत मालकांच्या जाचांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत आसरा घेत. मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी बंद झाली. लोकांत अशी कथा आहे कीं ही बातमी सांगावयास शिपाई डोंगर चढूं लागले, तेव्हां आपणांस धरावयासच आले असें वाटून वरच्या लोकांनीं कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ सालीं युनेस्कोनें या डोंगराला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. गुलामांच्या जागीं मळ्यांवर काम करण्यासाठीं आपल्या देशांतून करारानें मजूर नेण्यास १८३४ सालापासून सुरुवात झाली, आणि त्यांत मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज तेथें आजही मराठी नांवानें ओळखले जातात, शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला तेथें सरकारी सुटी असते.

आमची मचवा-वजा होडी चालविणारा नावाडी अशाच घराण्यांतला निघाला. पणजोबा रत्नागिरीकडचे, एवढेंच त्याला ठाऊक. घरीं तो क्रिओल भाषा बोले. मराठी त्यानें शाळेंत शिकलेली. त्यामुळें त्याची भाषा पुस्तकासारखी शुद्ध आणि सावकाश होती. पहिल्याच दिवशीं तो मला म्हणाला, “गुरुजी, आपण डोंगराच्या सावलींत परीक्षा घेऊं नये. तेथें वारा तुटून येतो. दक्षिणेच्या उघड्या अंगाला चलावें.” ही सूचना फार मोलाची होती. डोंगराला वळसा घालून येणारा वारा झटक्यांनीं येतो. एका फळीला झटका मिळाला व दुसरीला न मिळाला तर त्यांची तुलना ती काय करावयाची? एका वर्गाला सोपी प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्याला कठीण देऊन गुणांची यादी एकत्र लावण्यासारखेंच तें.

त्या बाजूला किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर प्रवाळाचा बांध आहे. महासागराच्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आंतल्या बाजूला उथळ, फिकट हिरव्या पाण्याचें तळें शिल्लक राहतें. वारा भरपूर आणि पाणी जवळजवळ सपाट. शिकणाऱ्यास आणि परीक्षा घेणाऱ्यास दोघांनाही याहून चांगली जागा मिळणें कठीण. मात्र बांधाला जेथें खिंड आहे तेथें ओहोटीचा प्रवाह बाहेर ओढतो. तिकडे न जाण्याची ताकीद आम्हीं पहिल्या दिवशींच सर्वांना दिली. पायांत रबरी जोडे, अंगांत तरंगणारी बंडी, आणि होडी नेहमीं वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी, असा आमचा नेम होता.

एका दुकानदाराकडून सहा फळ्या भाड्यानें घेतल्या. फळीचें मान तिच्या आकारमानावरून, म्हणजे लिटरांवरून सांगतात. आमच्या फळ्या अनुक्रमें ८५, ९५, १०५, ११५, १३० आणि १५० लिटरांच्या होत्या. यांतील गणित शाळेंतल्या अर्किमिडीजच्या सिद्धांताचेंच. ९५ लिटरांची फळी पूर्ण बुडाली तर ती ९५ लिटर पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्याचें हें वजन सुमारें ९७ किलो भरतें. आमचे अभियंता मित्र ८२ किलोचे, शिडाचा सरंजाम ९ किलोचा, फळी स्वतः ७ किलोची, बेरीज ९८. म्हणजे ही फळी स्थिर असतां त्यांचें ओझें पुरतें पेलूं शकत नाहीं; घोट्यावर पाणी येतें. परंतु वारा भरला आणि वेग आला कीं फळी पाण्याला कापण्याचें सोडून पाण्यावरून घसरूं लागते. मग तिला वर उचलणारा जोर वेगांतून मिळतो, लिटरांची पर्वा राहत नाहीं. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो, त्यांतलाच हा प्रकार.

परीक्षेची व्यवस्था मीं पुढीलप्रमाणें केली. प्रत्येक फळीवर बनविणाऱ्याचें नांव मोठ्या रंगीत अक्षरांत असतें. नांवाचा मोह वाईट. म्हणून मीं सर्व नांवांवर कापडी पट्ट्या चिकटविल्या आणि वर एक ते सहा आंकडे घातले. परीक्षेंतले बैठक-क्रमांकच ते. पाण्यांत दोन बोये टाकून अंतर ठरविलें. एका माणसानें सर्व फळ्यांवर एकच शीड वापरावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती म्हणजे फळी. अडचण होती ती वाऱ्याची. तो कांहीं आमच्या सांगण्यांतला नव्हे. सकाळीं ज्या वाऱ्यांत पहिली फळी धांवली तोच वारा दुपारीं सहावीला मिळेल याचा भरवसा काय? त्यावर आम्हीं असा तोड काढला कीं दर दोन फळ्यांनंतर तीन नंबरची फळी पुन्हां एकदां चालवावयाची. तिची वेळ पहिल्याइतकीच आली तर वारा तोच आहे. बदलली तर वाऱ्यानें पालट केला, म्हणून मधल्या नोंदी सोडून द्यावयाच्या. या फळीला आम्ही साक्षीदार म्हणत असूं. हातांत धरावयाचें वायुवेगमापक यंत्रही होतें. पण यंत्र एका जागचा वारा सांगतें, साक्षीदार सगळ्या वाटेचा सांगतो.

वहींत मीं चार रकाने आंखले. दोन बोयांमधील वेळ. फळी घसरूं लागण्यास किती वारा लागला. वळण पुरें झालें कीं नाहीं. आणि चौथा रकाना, पडणें.

पहिले चार दिवस वारा १८ नॉटांच्या आसपास, म्हणजे ताशीं सुमारें ३३ किलोमीटर होता. अभियंता मित्र एकेक फळी घेऊन गेले आणि आले. तें पाहणें हा एक सोहळा होता. शीड उचललें न उचललें तोंच फळी सुटे, मागें पांढऱ्या पाण्याची रेघ उमटे, आणि बोयाशीं त्यांनीं घेतलेलें वळण एखाद्या सुलेखनकारानें काढलेल्या वेलांटीसारखें वाटे. दोन नंबरच्या फळीवर ते बेहद्द खूष झाले. “मास्तर, दुसरी पाहण्याचें कारणच नाहीं. ही जिवंत आहे!” असें ते किनाऱ्यावर पाय टेकतांच म्हणाले. परंतु वही निराळेंच सांगत होती. त्यांच्या हातांत सहाही फळ्यांच्या वेळांत थोड्याच सेकंदांचा फरक होता, आणि पडण्याचा रकाना जवळजवळ कोरा. माझा विद्यार्थी व वहिनींचे यजमान यांचेंही थोड्याफार फरकानें तसेंच.

मग वहिनी गेल्या. प्रत्येक फळीवर अर्धा तास. दोन नंबरवर त्या अकरा वेळां पडल्या. शीड उचलावें, दांडा धरावा, तों फळी एका अंगावर कलंडे आणि त्या पाण्यांत. पांच नंबरवर, म्हणजे १३० लिटरांच्या फळीवर, त्या दोनदांच पडल्या. सहा नंबरवर तर एकदांही नाहीं. पण ती इतकी रुंद कीं झटका आला म्हणजे वारा तिच्या बुडाखालीं शिरून तिला उचलूं पाही, आणि वळवितांना ती म्हशीसारखी हटून बसे. वहिनींच्या चेहऱ्यावर भीति दिसली ती त्याच फळीवर.

त्या रात्रीं जेवणानंतर वहीचें वाचन झालें आणि वादास तोंड फुटलें. अभियंता मित्र म्हणाले, “मास्तर, तो चौथा रकाना खोडा. वहिनी अजून शिकतात. त्यांच्या पडण्याचा दोष फळीला लावणें म्हणजे नाचतां येईना, अंगण वांकडें.” मीं रकाना खोडला नाहीं; लिहिलेलें उत्तर कोणाच्याही सांगण्यावरून खोडावयाचें नाहीं, हा माझा जुना शिरस्ता. पण त्यांच्या म्हणण्याला उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तें वहिनींनीं दिलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, मी तीच, शीड तेंच, आणि तुमचा साक्षीदार म्हणतो कीं वाराही तोच. दोन नंबरवर अकरा वेळां पडलें, पांच नंबरवर दोनदां. दोन वेळांची मालकी माझी, मला कबूल आहे. उरलेल्या नऊ वेळा कोणाच्या?”

श्रोतेहो, इतका नेमका प्रश्न मीं माझ्या साऱ्या नोकरींत एकाही परीक्षकाच्या तोंडून ऐकला नाहीं. अंगण खरोखरच वांकडें असूं शकतें, आणि तें वांकडें आहे हें नुकतें नाचूं लागलेल्या पायालाच प्रथम कळतें. मुरलेला नाचणारा त्या वांकडेपणावर नकळत मात करतो. त्याचे घोटे, गुडघे, कंबर क्षणोक्षणीं अंगणाची चूक दुरुस्त करीत असतात, आणि त्याला स्वतःलाही त्याची खबर नसते. म्हणून कुशल माणूस हत्याराचा दोष झांकतो. सहा फळ्या त्याच्या हातीं दिल्या तर सहाही उत्तीर्ण होतात. आणि ज्या परीक्षेंत सर्वच उत्तीर्ण होतात ती परीक्षा नव्हे.

वहिनी अकरा वेळां कां पडल्या याचें कारणही मग आम्हीं शोधलें. त्यांचें वजन ५२ किलो. शीड लहान, तें ८ किलोचें. फळी ७ किलोची. बेरीज ६७. दोन नंबरची फळी ९७ किलो पेलते. म्हणजे तीस किलोंची शिल्लक. गणितानें पाहिलें तर ही फळी त्यांना भरपूर मोठी. मग घोडें अडलें कोठें? अडलें तें रुंदींत. दोन नंबरची फळी साठ सेंटीमीटर रुंद, पांच नंबरची पंचाहत्तर. उभ्या माणसाचा भार मधल्या रेघेपासून थोडा सरकला कीं अरुंद फळीचा कांठ पाण्याखालीं जातो, आणि सांवरण्यास लागणारा क्षण नवशिक्याला मिळत नाहीं. अर्किमिडीज तरंगण्याची हमी देतो. तोल राखण्याची देत नाहीं.

अभियंता मित्रांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता, आणि तो त्यांच्याशीं न्यायानें वागण्यासाठीं सांगितला पाहिजे. ते म्हणाले, “मुलें लौकर शिकतात. रुंद फळीवर एक मोसम काढला कीं त्यांना ती सपक वाटूं लागेल, आणि पुन्हां वर्गणी मागण्याचें तोंड आपणांस नाहीं. कठीण फळीवर शिकलेला पोर कोणत्याही फळीवर चालेल.” हा विचार शाळेंतही मीं पुष्कळ ऐकला आहे. कठीण पुस्तक लावा, मुलें आपोआप हुषार होतील. कांहीं होतातही. जीं होत नाहींत तीं शाळा सोडून जातात, आणि सोडून गेलेल्यांची नोंद निकालाच्या तक्त्यांत नसते. अकरा वेळां पडूनही वहिनी फळीवर पुन्हां चढल्या, कारण त्या पन्नाशीच्या, निश्चयी आणि स्वखर्चानें आलेल्या. दहा वर्षांची, प्रथमच पाण्यांत उतरलेली, जिची आई कांठावर जीव मुठींत धरून उभी आहे अशी मुलगी अकरा वेळां पडल्यावर दुसऱ्या दिवशीं येईल काय?

वादाचा निकाल शब्दांनीं लागला नाहीं, वाऱ्यानें लावला. पांचव्या दिवशीं सकाळीं वारा मंदावून दहा-अकरा नॉटांवर आला. माझा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, हा तर आपल्या तलावावरचा वारा!” तें खरें होतें. तलावावर अठरा नॉटांचा वारा वर्षांतून मोजकेच दिवस मिळतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतो; अठरावरून दहावर वेग आला कीं जोर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी राहतो. अभियंता मित्र दोन नंबरची फळी घेऊन गेले. ती जिवंत फळी त्या वाऱ्यांत कांहीं केल्या घसरेना. घोटाभर पाण्यांत उभे राहून ते शीड हलवीत राहिले. आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत ही स्थिति, तर तलावाचें गोडें पाणी आणखी दोन-अडीच किलो कमीच उचलणार. मग त्यांनीं पांच नंबर घेतली. ती निमूटपणें निघाली, आणि एका झुळकीवर घसरूंही लागली. ते परत आले, फळी वाळूवर ठेवली, आणि कांहीं न बोलतां माझ्या हातांतली वही घेऊन चौथा रकाना पहिल्यापासून वाचूं लागले. जो धडा वर्गांत शिकवावयाचा त्याच्यावरच प्रश्न काढावा, हा नियम त्यांना मी सांगण्याची जरूरच उरली नाहीं.

सातव्या दिवशीं वारा पुन्हां चढला, आणि त्या दिवशीं दोन नंबरच्या फळीला तिचा योग्य मान मिळाला. बांधाबाहेर ‘मनावा’ व ‘वन आय’ या नांवांनीं प्रसिद्ध असलेल्या लाटा आहेत. जगांतून निष्णात लोक तेथें येतात. ‘वन आय’ची लाट वेगवान, आणि तिच्याखालीं धारदार प्रवाळ, तिच्या वाटेस आमच्यापैकीं कोणी गेलें नाहीं. त्यामानानें सौम्य अशा ‘मनावा’वर अभियंता मित्र व माझा विद्यार्थी गेले, नावाड्यानें होडी सुरक्षित अंतरावर धरली. निळ्या पाण्याची भिंत उभी राहते, तिच्या उतारावरून एक इवलेंसें शीड तिरकें खालीं येतें, लाट फुटण्यापूर्वीं वळतें आणि पुन्हां तिच्या माथ्यावर चढतें. साठीच्या आपल्या मित्राला तसें पाहतांना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेथें पांच नंबरची फळी नेली असती तर तिचें हसें झालें असतें. वाईट फळी अशी त्या सहांत एकही नव्हती. प्रत्येक फळी कोणासाठीं, कोणत्या पाण्यांत आणि कोणत्या वाऱ्यांत, एवढाच प्रश्न होता.

शेवटच्या रात्रीं निर्णय झाला. तीन फळ्या १३० लिटरांच्या, रुंद. आणि चौथी १०५ लिटरांची, ज्या मुलांना पहिली सपक वाटूं लागेल त्यांच्यासाठीं. हा तोडगा अभियंता मित्रांनीं स्वतः सुचविला व मागणीचा कागदही त्यांनींच लिहिला. मग आम्हीं नांवांवरच्या पट्ट्या काढल्या. सर्वांत नांवाजलेल्या कारखान्याची फळी कोणती होती, हें मी येथें सांगत नाहीं. तें ऐकून श्रोते फळीपेक्षां नांवच ध्यानांत ठेवतील.

या हकीकतींतून मला जें म्हणावयाचें तें थोडकें आहे. शिकाऊ माणसांसाठीं लागणारी साधनें आपण नेहमीं तरबेज माणसांकडून निवडून घेतों. मुलांचीं पुस्तकें पंडित ठरवितात. शिवणकामाचें यंत्र जुना शिंपी पारखतो. नव्या सुताराची पटाशी मुरलेला मिस्त्री विकत घेतो. त्यांच्या ज्ञानाविषयीं मला आदर आहे, आणि त्यांच्यावांचून भागणारही नाहीं. वाऱ्याचा नियम व फळीचें गणित आम्हांला अभियंत्यानेंच शिकविलें. परंतु तरबेज माणूस पडण्याचें विसरलेला असतो. म्हणून निवड करणाऱ्या मंडळींत एक तरी असा असावा कीं ज्याला अजून पडतां येतें. आणि तो पडला म्हणजे त्याला हंसूं नये, त्याचें पडणें खोडूंही नये. तें मोजावें, दुसऱ्या साधनावर पुन्हां मोजावें, आणि दोहोंतला फरक कोणाच्या खात्यावर टाकावयाचा तें विचारपूर्वक ठरवावें.

त्या चार फळ्या आतां तलावावर आहेत. पहिल्या मोसमांत मुलें पडलीं, पुष्कळ पडलीं. माझ्या वहींत त्यांचाही रकाना आहे. पण त्याच्या शेजारीं मीं आणखी एक रकाना आंखला आहे: दुसऱ्या दिवशीं आलीं कीं नाहीं. तोच मी आधीं वाचतों.